एक म्हणजे किती?

पीएच.डी.च्या कामाला लागलो तेव्हा माझ्याकडे एक छापील तक्ता होता. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, कामासाठी बाहेर गेलेल्या व्यक्ती: पुरुष, स्त्रिया, एकूण. मार्गदर्शकांनी तो नजरेखालून घातलेला, शंभर झेरॉक्स काढून पिशवीत ठेवलेल्या. दसऱ्याच्या अलीकडचे दिवस होते. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात पारावर एक मुकादम बसले होते, मांडीवर लाल कापडी बांधणीची वही. आपल्यासारखंच काम चाललंय, असं वाटून मी शेजारी टेकलो.

"यंदा किती माणसं नेताय?"

"वीस कोयते."

मी मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीमुळे बीड जिल्ह्यात आलेला. कोयता म्हणजे शहाळं सोलायचं, कवळ तोडायचं हत्यार, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, "हत्यारं नाही मामा, माणसं किती?"

मुकादमांनी वही मिटली आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. "मास्तर, माणसं कशाला मोजायलात? कोयते मोजा. कोयता म्हंजी नवरा-बायको. ती दोन नसत्यात, एक असत्यात."

"आणि एकटाच गडी आला तर?"

"मग अर्धा."

त्या संध्याकाळी 'एकूण'च्या रकान्यात मी ४० लिहिलं. हिशेबात चूक नव्हती. पण रात्री खोलीवर तक्ते लावताना ध्यानात आलं, की गावात ज्या गोष्टीची देवघेव होते तिच्यासाठी माझ्या तक्त्यात रकानाच नाही. कारखान्याची उचल मुकादमाला मिळते, मुकादम ती कोयत्याला वाटतो. कर्ज कोयत्यावर, टनाचा हिशेब कोयत्याचा, गैरहजेरी लागली तर खाडाही कोयत्याचा, आणि हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षी त्याच कोयत्याच्या बोकांडी. माझ्या ४० माणसांपैकी एकाच्याही नावावर ह्यातलं काही सुटं दाखवता येत नव्हतं.

भूगोलवाल्याला 'कुठे' हा प्रश्न पहिल्या वर्षापासून शिकवतात. माझी पुढची पंधरा-सोळा वर्षं मात्र 'एक म्हणजे किती' ह्यातच गेली.

ह्या प्रश्नाला सरकारी उत्तरंही आहेत, आणि ती मासलेवाईक आहेत. माझ्या शेजारी जिल्हा परिषदेचे एक गुरुजी राहतात. २०११ च्या जनगणनेत ते प्रगणक होते. मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. फेब्रुवारीत आमच्या डोंगरपट्ट्यातल्या गावात कोण असतं? म्हातारी माणसं, त्यांच्यावर सोपवलेली नातवंडं, आणि कुलपं. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या ह्या वीस दिवसांत जो माणूस घरी असेल किंवा परतणार असेल त्याला घरी मोजायचं. जो सबंध मुदतभर बाहेर असेल त्याला तो जिथं सापडेल तिथं. म्हणजे आमची माणसं मोजली जायला हवीत ती सांगली-कोल्हापुरातल्या किंवा बेळगावकडच्या एखाद्या फडाच्या कडेला, कोपीत. तिथला प्रगणक त्या बांधापर्यंत पोहोचला असेल तर. गुरुजी म्हणाले, "मी कुलपांची नोंद केली. घर बंद. पुढे काय लिहिणार?" आमच्या गावाची २०११ ची लोकसंख्या म्हणून आम्ही जो आकडा प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवून घेतो, तो गावाचा फेब्रुवारीतला आकडा आहे. आणि २०२७ च्या जनगणनेची संदर्भवेळही १ मार्चचीच ठरली आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीची तऱ्हा वेगळी. २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत हंगामी माणसांसाठी मुद्दाम व्याख्या केली: कामासाठी गेल्या वर्षभरात एक महिना किंवा त्याहून जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ घराबाहेर राहिलेला तो अल्पकालीन स्थलांतरित. दिवाळीला निघून पाडव्याच्या आसपास परतणारा कोयता ह्यात चपखल बसतो. पण ज्या वर्षी ऊस उदंड होतो, कारखान्याचा पट्टा लवकर पडत नाही, म्हणजे गाळप संपत नाही, आणि माणसं अक्षय्य तृतीयेपर्यंत अडकतात, त्या वर्षी ती सहा महिन्यांची रेघ ओलांडतात आणि व्याख्येबाहेर पडतात. ऊस वाढला की हंगामी स्थलांतरित कमी! वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. त्यांच्यातल्या निम्म्यांचे आईबाप त्या वेळी फडात असतात.

वर्गात शिकवायचं काय, हाही एक घोळ होता. अभ्यासक्रमात रॅव्हेनस्टाईनचे नियम. हा जर्मनीत जन्मलेला, इंग्लंडच्या युद्ध खात्यात नकाशांचं काम केलेला गृहस्थ. १८८५ साली त्यानं लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच्या जवळ जातात, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, वगैरे. मग १९६६ चा एव्हरेट ली: ढकलणारे घटक, ओढणारे घटक. बीडचा दुष्काळ ढकलतो, कृष्णाकाठचा ऊस ओढतो. दहा गुणांचं उत्तर तयार. त्याच वर्षी, दुसऱ्या पेपरात, आल्फ्रेड वेबरचा १९०९ चा उद्योग-स्थाननिश्चितीचा सिद्धांत. उसात साखर साधारण दहा टक्के, म्हणजे वजन घटवणारा कच्चा माल, म्हणून कारखाना उसाजवळ. हेही खरं. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घटतो, म्हणून तोडणी कारखान्याच्या घड्याळावर चालते, हेही खरं. पण मग कारखाना उसाला चिकटून आणि तोडणारा शे-दोनशे कोसांवरून का, हे वेबरच्या पेपरात विचारत नाहीत, कारण मजूर हा तिथं कोळशासारखा एक घटक. आणि लोकसंख्येच्या पेपरातही विचारत नाहीत, कारण तिथं कारखानाच नाही. दोन पेपरांच्या मधल्या फटीत आमचा सबंध जिल्हा पडलेला.

त्या काळात आमच्या महाविद्यालयात परदेशी संशोधनपत्रिका येण्याचा प्रश्नच नव्हता. सुट्टी लागली की मी पुण्याला जाऊन विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसायचो. आम्हाला एम.ए.ला शिकवलेला भूगोल आणि तिथल्या बांधीव खंडांतला भूगोल ह्यांत एका पिढीचं अंतर होतं. १९६९ साली अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात सुरू झालेलं 'अँटिपोड' मी तिथं पहिल्यांदा हातात घेतलं. त्यात १९९७ साली अँड्र्यू हेरॉडचा एक लेख आहे. त्याचा सारांश माझ्या भाषेत असा: आजवर भूगोलानं मजूर 'वापरला' कुठे जातो ते पाहिलं, मजूर स्वतः आपला भूगोल कसा घडवतो ते पाहिलंच नाही. वाचताना मला मुकादमांची लाल वही आठवली. कुठल्या गावचे कोयते कुठल्या कारखान्याला, हे तिथं ठरत होतं.

पण खरा धक्का दिला तो भूगोलाच्या पत्रिकेनं नव्हे. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाचा बारडोलीच्या साखर कारखान्यांवरचा १९७८ चा लेख, 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला. गुजरातेत तोडणीला आलेली ती माणसं आपल्या खानदेशातली होती. आणि तिथंही मोजमाप कोयत्याचंच. झेरॉक्स घेऊन रात्रीच्या एसटीत बसलो. मिणमिणत्या दिव्यात वाचता येत नव्हतं, तरी पानं मांडीवर उघडीच ठेवली होती. आमच्या भागातल्या माणसांवरचा उत्तम मानवी भूगोल एका समाजशास्त्रज्ञानं, मुंबईच्या एका साप्ताहिकात लिहिला होता. आमच्या विषयाच्या देशी पत्रिका तेव्हा तालुकावार पीकरचनेचे कोरोप्लेथ नकाशे छापत होत्या. मीही तसे दोन काढले होते, म्हणून बोलतो.

मधल्या काळात मी काय केलं तेही सांगून टाकतो. २०१० नंतर बढतीसाठी गुण आले आणि गुणांसाठी शोधनिबंध. मोबाइलवर मेल येऊ लागले: आपला निबंध आंतरराष्ट्रीय पत्रिकेत नऊ दिवसांत. मीही एक पाठवला. 'बीड जिल्ह्यातील स्थलांतर: कारणे व परिणाम', ढकलणारे घटक सात, ओढणारे घटक पाच. पैसे भरले, परीक्षकाचा अभिप्राय आला, एका शब्दाचा: 'गुड'. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगानं आपल्या यादीतून ४,३०५ पत्रिका एका झटक्यात काढल्या, त्यात माझी ती पत्रिकाही गेली. स्टाफरूममध्ये दोनतीन दिवस सुतकासारखं वातावरण होतं. मला फार वाईट वाटलं नाही. त्या निबंधात कोयता हा शब्दसुद्धा नव्हता.

मग ठरवलं की एकदा नीट लिहायचं. विषय एकच: कोयता हे मोजण्याचं एकक. माणूस हे एकक धरलं की उचल दिसत नाही, कर्जाची साखळी दिसत नाही. कोयता धरला की दिसते. दीड वर्ष लिहिलं. इंग्रजी एका मित्राकडून तपासून घेतलं आणि परदेशातल्या एका चांगल्या पत्रिकेकडे पाठवलं. सात महिन्यांनी उत्तर आलं. छापत नाही, पण मुळापासून सुधारलंत तर पुन्हा पाहू. सोबत तीन परीक्षकांचे मिळून अकरा पानांचे अभिप्राय.

पहिल्यानं आपलेच वाटावेत असे पाच लेख संदर्भाला सुचवले होते. तिसऱ्यानं विचारलं होतं, की हे निष्कर्ष भारताबाहेर कितपत लागू पडतील? ह्या प्रश्नानं माझं डोकं अजून फिरतं. डोरीन मॅसी ह्यांनी १९९१ साली लंडनच्या किलबर्न हाय रोडवरून एक फेरफटका मारला आणि त्यावरून 'स्थळ' ह्या कल्पनेची मांडणीच बदलली. तो निबंध मला मनापासून आवडतो, दरवर्षी एम.ए.ला शिकवतो. पण किलबर्न लंडनबाहेर कितपत लागू पडतं, असं त्यांना कुणी विचारल्याचं ऐकलं नाही. तिथल्या रस्त्याचा सिद्धांत होतो. आमच्या फडाचं उदाहरण होतं. निर्वसाहतीकरणाचा विषय आता तिकडे चर्चेत आहे, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या २०१७ च्या वार्षिक परिषदेचा तो मुख्य विषयच होता. परीक्षकांच्या सवयी परिषदेच्या विषयांइतक्या झटपट बदलत नाहीत.

आणि दुसरा परीक्षक. त्याचे, किंवा तिचे, शब्द थोडक्यात असे: लेखक म्हणतात की माणूस हे एकक धरल्यानं वास्तव झाकलं जातं. कबूल. पण कोयता हे एकक धरल्यानं काय झाकलं जातं, ह्याचा त्यांनी विचार केलेला दिसत नाही. ह्या एककाच्या आत दोन माणसं आहेत. उचलीवर अंगठा कुणाचा? पैसे कुणाच्या हातात पडतात? दोघांचा दिवस सारखा असतो का? लेखकांनी मुकादमाचं एकक मुकादमाच्याच नजरेनं स्वीकारलं आहे.

मी लॅपटॉप मिटला आणि बायकोला म्हणालो, ह्या लोकांना एसी खोलीत बसून काय जातंय विचारायला. दुसऱ्या दिवशी विभागातही हेच सुनावलं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्या नोंदी टाइप करायला येत असे. तिचे आईवडील तोडणीला जातात; तिचं स्वतःचं बालपण निम्मं साखरशाळेत, निम्मं आजीकडे. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "सर, बरोबर विचारलंय त्यांनी."

"काय बरोबर?"

"तुम्ही आमच्या कोपीवर तीनदा आलात. तिन्ही वेळा दादांशी बोललात. आई चहा करत होती."

ह्याला उत्तर नव्हतं. माझ्या टेपवर एकूण साठ-सत्तर तासांची मुलाखत होती, आणि त्यात बायकांचा आवाज होता तो मागून, "साखर घालू का" विचारणारा.

त्या हंगामात ती माझ्याबरोबर नव्हे, मी तिच्याबरोबर गेलो. सातारा जिल्ह्यातला एक तळ, पन्नासेक कोप्या, बाजूला कालवा. मी पुरुषांत बसलो, ती बायकांत मिसळली. पहाटे तीनला उठून त्यांच्याबरोबर फडात. चौदा बायकांचे दिवस तिनं घड्याळ लावून उतरवले. सात दिवसांनी आम्ही वह्या जुळवल्या आणि मला स्वीडनमधला टॉर्स्टन हेगरस्ट्रँड आठवला.

लुंड विद्यापीठातल्या ह्या भूगोलतज्ज्ञानं १९७० साली एक व्याख्यान छापलं, प्रादेशिक विज्ञानवाल्यांना उद्देशून: तुमच्या प्रतिमानांत माणसं कुठे आहेत? त्याचं म्हणणं साधं. माणूस अखंड असतो. एका वेळी तो एकाच जागी असतो, आणि एक जागा सोडून दुसरीकडे जायला त्याला वेळ लागतो. म्हणून त्याचा दिवस आलेखावर काढा: आडव्या अक्षावर जागा, उभ्या अक्षावर वेळ. एका जागी थांबला की रेघ सरळ वर जाते, चालू लागला की तिरकी होते. दिवसाच्या शेवटी जी एक न तुटलेली रेघ मिळते, ती त्याची वाट. ही पद्धत मी पंधरा वर्षं फळ्यावर शिकवत होतो, उदाहरण म्हणून स्वीडनमधला नोकरदार घेऊन. आमच्या माणसांसाठी ती वापरावी, हे सुचलं नव्हतं.

आलेखकागद घेतला. आडव्या अक्षावर कोपी, पाण्याची टाकी, फड, गाडी भरायची जागा, किराण्याचं दुकान. पुरुषाची रेघ निळी, बाईची लाल. पहाटे तीनला लाल रेघ कोपीतून निघून टाकीकडे जाते आणि परत येते, निळी अजून कोपीतच. चूल, दुपारच्या भाकरी, लेकराला शेजारणीच्या हवाली करणं. साडेचारला दोन्ही रेघा फडाकडे वळतात आणि तिथून पुढे दुपारपर्यंत एकमेकींवर बसतात, इतक्या की दोन रंग मिसळून जांभळा होतो. तो बुडाशी जमिनीलगत तोडतो, ती पाचट काढून वाढं छाटते, मोळी बांधते. मग दोघं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. फडात मुकादमांचा 'एक' शंभर टक्के खरा होता. फडाबाहेर पडलं की पुन्हा दोन. निळी रेघ दुकानाकडे जाते, मुकादमाकडे जाते, कोपीत येऊन आडवी होते. लाल रेघ वाढं विकायला रस्त्यावर, मग टाकी, मग कालव्यावर धुणं, मग चूल. गाडी रात्री दोनला लागली तर दोघं पुन्हा जांभळी.

तळावरच्या एका मावशींना विद्यार्थिनीनं तो कागद दाखवला. तिरकी म्हणजे चालणं, उभी म्हणजे एका जागी, असं समजावलं. मावशींनी रात्रीच्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही काय?"

"झोप."

"एवढी लांब?"

मोजून साडेचार तास होते. त्यांना ते फार वाटले. त्या आठवड्यात तीन रात्री गाडी लागली होती.

निबंध पुन्हा लिहिला. लेखक दोन, तिचं नाव आणि माझं. दुसऱ्या फेरीत त्याच परीक्षकानं, हस्ताक्षर नसलं तरी माणूस ओळखू येतो, आणखी एक काडी सरकवली. जिलियन रोझ ह्यांनी १९९३ साली 'फेमिनिझम अँड जिऑग्राफी' ह्या पुस्तकात हेगरस्ट्रँडच्या रेघेवर आक्षेप घेतला आहे: त्या रेघेला शरीर नाही. तुमच्या लाल रेघेला आहे का? आता मात्र मी एसीवर राग काढला नाही. विद्यार्थिनीच्या वहीत ते सगळं होतं, आम्हीच 'विषयांतर' म्हणून गाळलं होतं. मान अवघडणं, पाचटानं कापलेले हात, उघड्यावर आंघोळ, पाळीच्या दिवसांतलं फळीवर चढणं. २०१९ साली बीडमधल्या तोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढल्याच्या बातम्या देशभर झाल्या, सरकारनं नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बायकांनी आम्हाला दिलेली कारणं वेगवेगळी होती, पण 'खाडा परवडत नाही' हे शब्द जवळपास प्रत्येकीच्या बोलण्यात आले. आलेखाखाली आम्ही तीन परिच्छेद वाढवले. पूर्ण निबंधातले तेवढेच मला आजही पुन्हा वाचवतात.

पहिल्यांदा पाठवल्यापासून छापून यायला पावणेतीन वर्षं लागली. मग बढतीचा अर्ज. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत सामाजिक शास्त्रांच्या निबंधाला १० गुण, विज्ञानाच्या निबंधाला ८. आमच्याकडे भूगोल कला शाखेतही आहे आणि विज्ञान शाखेतही. माझ्या निबंधाला कोणती शाखा, ह्यावर कार्यालयात एक दुपार खर्ची पडली. त्याहून गंमत पुढे. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. म्हणजे दोन प्राध्यापक मिळून निबंध लिहितात तेव्हा ते १.४ होतात, आणि दोन माणसं मिळून ऊस तोडतात तेव्हा १. हे मी कार्यालयीन अधीक्षकांना हसत सांगितलं. ते म्हणाले, "सर, झेरॉक्सवर सही राहिलीय."

छापलेला निबंध मला स्वतःला महाविद्यालयाच्या इंटरनेटवरून उघडता येत नव्हता. पैसे भरा किंवा वर्गणीदार संस्थेतून या, असं पान यायचं. सर्वांना मोफत वाचता यावा म्हणून लेखकानंच शुल्क भरायची सोय होती. ते माझ्या दोन महिन्यांच्या पगाराच्या घरात जात होतं. आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं आहे, २०२५ ते २०२७ साठी सुमारे ६,००० कोटी रुपयांचं, सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. आमची संस्था खाजगी, अनुदानित. मी अजून पुण्याच्या मित्राला मेल टाकतो आणि तो रात्री पीडीएफ पाठवतो.

त्यानंतरच्या वैशाखात पट्टा पडून माणसं गावी परतल्यावर आम्ही दोघं निबंधाची छापील प्रत घेऊन त्या मावशींच्या घरी गेलो. विद्यार्थिनी आता दुसऱ्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. ओसरीवर बसलो. ह्या वेळी चहा त्यांच्या मालकांनी केला. मला बघून मुद्दाम केला असावा, कारण साखर कुठे आहे ते त्यांना तीनदा विचारावं लागलं. वर्षापूर्वी, २०२४ च्या जानेवारीत, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला होता. ते वाढीव पैसे कुठे मुरले, ह्यावर ते बराच वेळ बोलले.

मावशींनी इंग्रजी मजकुराची पानं भराभर उलटली आणि आलेखावर थांबल्या. रेघा त्यांच्या लक्षात होत्या. लाल रेघेवरून बोट वरपर्यंत नेलं, टाकी, फड, फळी, रस्ता, चूल, झोप.

"ह्यात खाडा कुठंय?"

"हा कामाचा दिवस आहे मावशी," मी म्हणालो. "खाड्याचा नाही काढला."

"का?"

विद्यार्थिनी माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "खाड्याच्या दिवशी तुम्ही कोपीतच असाल ना. रेघ नुसती सरळ वर जाईल."

"माझी जाईल. ह्यांची?"

"त्यांची रोजच्यासारखी. फडात."

मावशींनी कागद मांडीवर ठेवला. "कुठली? मी पडले की ह्यांचाबी खाडा लागतो. कोयता दोघांचा ना. ह्यांनी एकट्यानं दिवसभर तोडलं तरी खाडाच, आन् मी तापात चूल पेटवली तरी खाडाच."

आतून मालकांनी हाक मारली, गूळ चालंल का म्हणून. विद्यार्थिनीनं प्रत माझ्या हातातून घेतली, शेवटचं पान उलटं केलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं दोन अक्ष ओढले.

"मावशी, ताप आला होता त्या दिवशी किती वाजता उठलात?"